पन्नास लिटरचा पाणीप्रश्न

नाशिककराला पाण्याबद्दल शहाणपण शिकवायला जाऊ नये. गोदावरी त्याच्या जिल्ह्यात उगम पावते, त्यामुळे साऱ्या दख्खनच्या पाण्याची मूळ कागदपत्रं आपल्याच कपाटात आहेत, असा त्याचा समज असतो. जुलै उजाडला की गंगापूर धरण किती टक्के भरलं हे त्याला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा नीट ठाऊक असतं. पूर आला तर तो हवामान खात्याला विचारत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढंच विचारतो. आणि जायकवाडीला पाणी सोडायचा विषय निघालाच, तर पानटपरीवर एक पाय पायरीवर ठेवून तो टीएमसीच्या हिशेबात तासभर कुणाला बोलू देत नाही.

असा हा जलतज्ज्ञ एके दिवशी दोन फुटी काचेची टाकी घरी आणतो, तिच्यात पन्नास लिटर पाणी ओततो, रंगीत मासे सोडतो आणि चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं म्हणून सैरभैर होतो. सगळं धरण तोंडपाठ असलेल्या माणसाला हॉलमधलं पन्नास लिटर पाणी सांभाळता येत नाही.

मी स्वतः टाकी ठेवत नाही. टाकी ठेवणाऱ्यांच्या घरी जाऊन चहा पितो आणि बघतो. माझी ताई पाथर्डी फाट्याला राहते. दाजी, भाचा आणि दाजींच्या आई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो, असं चौघांचं घर. पुढचं बरंचसं ज्ञान तिथल्या सोफ्यावर बसून मिळवलेलं आहे. पण हे एका घराचं गाऱ्हाणं नाही. सिडकोत जा, इंदिरानगरला जा, म्हसरूळला जा. टाकी दिसली की तिच्याशेजारी डोकं खाजवत उभा असलेला एक कर्ता पुरुष दिसतोच.

यात थोडा दोष आमच्या पिढीचा आहे. आम्ही काचेमागचे मासे पहिल्यांदा पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं ते मत्स्यालय आमच्या शाळेच्या सहलीत ठरलेलं असे. रांगेतून पुढे सरकत आम्ही मासे बघितले. भिंतीमागचे पंप, गाळण्या आणि त्यांच्यामागे धावणारी माणसं कुणी दाखवली नाहीत. तेव्हापासून आमची पक्की समजूत आहे की काच, पाणी आणि मासा एवढं जमलं की झालं.

दुकानात हा समज कुणी दूर करत नाही. भाच्याला 'निमो' हवा होता. निमो खाऱ्या पाण्यातला, हे कळल्यावर तो नारिंगी रंगाच्या कशावरही तडजोड करायला तयार झाला, आणि गोल्डफिश हा तडजोडीसाठीच जन्माला आलेला मासा आहे. मासे जोडीने मिळतात. जोडीत नर कोण, मादी कोण, हे दुकानदाराला ठाऊक नसतं आणि माशांनाही त्याची घाई नसते. पण सुट्टा मासा मागितला की दुकानदाराला मनापासून वाईट वाटतं. टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी, एअर पंप, फिल्टर आणि त्याच बिलात मासे. टाकी आज, मासेही आजच. वर एकच सूचना: "साहेब, काही नाही, दर रविवारी सगळं पाणी बदलून टाकायचं." पुढच्या सगळ्या अनर्थाचं बीज या दोन वाक्यांत आहे.

दाजींनी मात्र तयारी केली होती. त्यांनी आधीच एका वास्तुतज्ज्ञाला गाठलं होतं. टाकी ईशान्येला ठेवायची आणि मासे नऊ: आठ सोनेरी, एक काळा. घरावर येणारं संकट तो काळा मासा आपल्या अंगावर घेतो. एका गोल्डफिशला निदान चाळीस लिटर पाणी द्यावं, असं जाणकार सांगतात. या हिशेबाने दाजींच्या टाकीत सव्वा मासा मावत होता.

पहिल्याच पंधरवड्यात काळा मासा गेला. आजींनी हात जोडले. "घेतलं गं बाई त्यानं अंगावर!" मग नेमकं कोणतं संकट टळलं याचा शोध सुरू झाला. बराच विचार केल्यावर दाजींना आठवलं की परवा द्वारका चौकातून त्यांची गाडी कुठेही न घासता बाहेर आली होती. खुलासा सर्वांना पटला. पण मग उरलेल्या आठांतले दोन सोनेरी मासेही गेले, आणि तेवढी संकटं काही कुणाला आठवेनात.

त्या माशांनी अंगावर घेतला तो अमोनिया. मासा खातो, आणि अंगातला नको असलेला नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर घालतात. नदीत हे सगळं वाहून जातं, विरून जातं. टाकीतून जाणार कुठे? तिथे त्याची विल्हेवाट लावतात ते जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष. तिसरं बरंच सौम्य, थोडंथोडं पाणी बदलून काबूत ठेवता येणारं. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. म्हणजे ही माहिती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आमच्या मेन रोडच्या आसपास ती अजून पोचायची आहे, इतकंच.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करून राहतात. नव्या टाकीत ते जवळपास नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा खरी रीत अशी की टाकी आज घ्यायची, फिल्टर चालू करायचा, जिवाणूंना थोडा अमोनिया मिळत राहील अशी सोय करायची आणि मासे पुढच्या महिन्यात आणायचे. हे दुकानात कुणी बोलत नाही, कारण रिकाम्या पाण्याकडे सहा आठवडे बघत बसायला भाचे तयार नसतात. खरं सांगायचं तर दाजीही नसतात.

हा काळ कमी करायची एक युक्ती आहे, आणि ती प्रत्येक मराठी घराला आधीपासून येते: विरजण. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज थोडा मागून आणायचा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. बस्स. पण शेजारणीकडे वाटी घेऊन विरजण मागायला जाताना आपल्याला काही वाटत नाही, आणि "तुमच्या टाकीतली थोडी घाण देता का?" हे विचारायला मात्र जीभ रेटत नाही.

आता पाण्याच्या रंगांकडे वळू. चौथ्या दिवशीचं दुधाळ पाणी हा नवशिक्याचा पहिला धक्का. हे नव्या टाकीत साधारण होणारच. पाण्यात कुजकट मिळालं की दुसऱ्याच जातीचे, वाढायला फार वेळ न घेणारे जिवाणू एकदम माजतात आणि पाणी धुरकट होतं. खायला संपलं की तेही संपतात आणि काही दिवसांत पाणी आपसूक निवळतं. तोवर खाद्य कमी करायचं आणि गप्प बसायचं. पण हॉलमध्ये धुरकट पाणी आणि संध्याकाळी पाहुणे, या पेचात गप्प कोण बसणार? सगळं पाणी फेकून नवं भरलं जातं. चार दिवसांनी ते पुन्हा दुधाळ. घरचे म्हणतात, "बघा, इतकं बदललं तरी फरक नाही." फरक पडत नाही तो बदलल्यामुळेच.

दुसरा रंग हिरवा. दाजींच्या फ्लॅटमध्ये ईशान्येला पूर्वेची मोठी खिडकी आहे. सकाळी सात ते दहा कोवळं ऊन थेट टाकीवर पडतं. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने ही जागा उत्तम, आणि शेवाळाच्या दृष्टीनेही. ऊन आणि नायट्रेट दोन्ही मुबलक मिळाल्यावर डोळ्यांना न दिसणारं शेवाळ पाण्यात इतकं वाढलं की मासे काचेजवळ आले तरच आहेत हे कळे. उपाय साधा होता: टाकी उचलून दुसऱ्या भिंतीला न्यायची. पण जागा बदलली की दिशा बिघडते. शेवटी दिशा राखून सूर्यालाच अडवायचं ठरलं आणि खिडकीला जाड पडदा आला. आता त्या घरात सकाळी दहापर्यंत दिवा लागतो. पाणी मात्र निवळलं. तसं हिरव्या पाण्याने माशांचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते यजमानांचं.

तिसरा रंग कोऱ्या चहाचा. टाकीत शोभेचं लाकूड ठेवलं की त्यातलं टॅनिन उतरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही; ॲमेझॉनच्या काही उपनद्यांमधले मासे अशाच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या सुखात आहेत. लाकूड आधी उकळून घेतलं तर रंग कमी उतरतो. ताईने ते उकळलं, आणि ज्या पातेल्यात उकळलं ते पातेलं कुठे ठेवायचं यावर आजींशी तिचं अजून एकमत झालेलं नाही.

आणि सगळ्यांत धोक्याचं पाणी स्वच्छ असतं. अमोनियाला रंग नाही, नायट्राइटला रंग नाही. पाणी आरशागत, आणि मासे वर येऊन तोंडं उघडी टाकताहेत, कल्ले लाल झालेले, एक कोपऱ्यात आडवा. नदीला दुतोंड्या मारुती आहे, टाकीला नाही. इथे संकट किती चढलं हे मोजायचं तर चाचणीचा संच आणावा लागतो.

तो संच दाजींनी मागवला आणि त्या संध्याकाळी मी सोफ्यावर हजर होतो. छोट्या काचेच्या नळीत रेघेपर्यंत टाकीतलं पाणी घ्यायचं. पहिल्या बाटलीतले थेंब मोजून टाकायचे, मग दुसऱ्या बाटलीतले. झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. ती पाच मिनिटं दाजींनी घड्याळाकडे, भाच्याने नळीकडे आणि आजींनी दाजींकडे बघत काढली. मग नळी रंगांच्या तक्त्याला लावायची. पिवळं म्हणजे अमोनिया नाही. जसजसं हिरवट होत जाईल तसतसा जास्त. इथपर्यंत सुरळीत झालं. पण रंग कोणता?

"पिवळाच आहे," दाजी म्हणाले.

"हिरवा आहे, बाबा," भाचा म्हणाला.

"ट्यूबलाइटमुळे तसं दिसतंय."

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने नळी घेतली, पांढऱ्या कागदापुढे धरली, खिडकीपाशी नेली, पुन्हा आणली. ताईच्या लग्नाचा बस्ता येवल्याला झाला होता. येवल्याच्या पैठणीच्या दुकानात गादीवर बसून ज्या बाईने एका दुपारी शंभर रंग नाकारले आहेत, तिच्यापुढे सहा चौकोनांच्या तक्त्याची काय कथा! "लिंबू नाही," ती म्हणाली, "आणि शेवाळी तर नाहीच. हा पोपटी. पोपटीतलाही उतरता." तक्त्यावर पोपटीपुढे जो आकडा होता तो माशांच्या दृष्टीने फार वाईट होता. नायट्राइटच्या चाचणीत तिने असाच 'फिका जांभळा, वांगी नव्हे' असा निर्वाळा दिला. तेव्हापासून घरातल्या पाण्याचं प्रयोगशाळा-खातं तिच्याकडे आहे आणि दाजी फक्त थेंब मोजतात.

अमोनिया पोपटी निघाल्यावर काय करायचं? एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, गरज पडली तर रोज. खाद्य जवळपास बंद. हवेचा पंप जोरात. आणि जमल्यास माशांची संख्या कमी करायची, म्हणजे दुकानदाराला परत द्यायचे किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी. यात कुठे औषध नाही, बाटली नाही, खर्च नाही. म्हणूनच यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

विश्वास बसतो तो रविवारच्या धुण्यावर. हा सोहळा बघण्यालायक असतो. मासे बादलीत. खडे टोपलीत, खळखळून. प्लास्टिकची झाडं ब्रशने. टाकी न्हाणीघरात, आणि काही घरांत तर भांड्याच्या साबणानेसुद्धा, ज्याचा अंश राहिला तरी माशांच्या जिवावर बेततं. शेवटी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर पिळायचा. आठवडाभर मुश्किलीने जमलेली जिवाणूंची वस्ती त्या एका पिळ्यासरशी गटारात. उरलेसुरले नळाच्या क्लोरीनने मरतात. मग सगळं जागेवर, नळाचं ताजं पाणी काठोकाठ आणि शेजारी म्हणतात, "वा! काय स्वच्छ ठेवलीय!" बुधवारी मासा मरतो. निष्कर्ष निघतो की आठवड्यातून दोनदा धुवायला हवी.

खरं म्हणजे स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात, नुसता दोनदा दाबून. गाळ सुटतो, जिवाणू राहतात. हे मी ताईला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "घाण पाण्यात धुवायचं, तर धुवायचं कशाला?" महाराष्ट्रातल्या पाव टाक्या तरी या एका रास्त प्रश्नावर बुडाल्या असतील.

नळाच्या पाण्याचंही ऐका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. तो आपल्याला कावीळ आणि जुलाबापासून वाचवतो. माशाचे कल्ले मात्र त्याने होरपळतात. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की मात्रा वाढते आणि नळ सोडल्यावर वास नाकाला कळतो. तेव्हा पाणी पसरट बादलीत किंवा टबमध्ये दिवसभर उघडं ठेवावं, किंवा दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट बेताने घालावं. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की टँकर आणि बोअर. काळ्या पाषाणातून वर येणारं बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं. त्याचा सामूही बहुधा चढा असतो. सामू एकाने चढला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे मार्चमध्ये जी टाकी रडतखडत चालली होती ती मे महिन्यात टँकरच्या एका फेरीत का बसते, याचं उत्तर इथे आहे. टँकरवाल्याला त्याबद्दल बोलून उपयोग नाही. त्याने पाणी माणसांसाठी आणलेलं असतं.

थंडीची भीती मात्र फुकटची. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाड त्याहून खाली, आणि वर्तमानपत्रं दोघांत स्पर्धा लावून देतात. अशा एका रात्री आजींनी टाकीला आपली शाल गुंडाळली. गप्पी, मोली, एंजल अशा माशांना साधारण चोवीस ते अठ्ठावीस अंश पाणी लागतं, त्यांना हीटर हवाच. पण गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. नाशिकची थंडी त्याला मानवते. त्याचे हाल होतात ते एप्रिलमध्ये. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. त्यात दुपारी लाईट गेली आणि पंप थांबला, तर तांब्याने टाकीतलंच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत बसावं लागतं. हे काम भाच्याकडे आहे. तो ते आनंदाने करतो, कारण तेवढा वेळ अभ्यास बंद असतो.

खाद्याचा मुद्दा निराळा, आणि त्यात सगळं घर गुंतलेलं. सकाळी शाळेत जाताना भाचा दाणे टाकायचा. त्याने टाकले नसतील असं समजून दाजी टाकायचे. दोघांपैकी कुणाचाच भरवसा नाही म्हणून ताई टाकायची. आणि दुपारी सगळे गेल्यावर आजी कणकेच्या गोळ्या. गंगेवर माशांना कणीक घालणं हे त्यांच्या दृष्टीने पुण्य, आणि पुण्य हॉलमध्ये केलं म्हणून कमी होत नाही. गोदावरीत त्या गोळ्या हजार तोंडांना पुरून वाहून जातात. पन्नास लिटरमध्ये त्या खड्यांच्या फटीत बसतात, आंबतात आणि त्यांचा अमोनिया होतो. नियम असा की दोन मिनिटांत संपेल एवढंच घालावं, दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि मधून एखादा दिवस उपाशी ठेवावं. माशांचं त्याने काही बिघडत नाही.

उपाशी ठेवायचं म्हटल्यावर आजींचे डोळे भरून आले. मग भाच्याने तोड काढली. एकादशी! आजींना ते एकदम पटलं. टाकीच्या इतिहासातला पहिला शास्त्रशुद्ध निर्णय असा पंचांगातून आला. त्या दिवशी माशांना साबुदाणा चालेल का, यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली.

सल्लागारांचा उल्लेख टाळला तर ते रागावतील. तळमजल्यावरचे काका सांगतात, तांब्याचं नाणं टाका, तांब्याचं पाणी प्रकृतीला उत्तम. माणसांच्या प्रकृतीचं काकांनी बघावं. माशांना तांबं अगदी थोडं जास्त झालं तरी विष होतं आणि गोगलगायींना तर त्याहून लवकर. आजींचा उपाय तुरटी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून पाणी प्यायलेली ती पिढी. पण तुरटीने सामू एकदम उतरतो आणि मासे त्या झटक्याने जातात. व्यायामशाळेत जाणारा तरुण शेजारी म्हणतो, आरओचं घाला, प्युअर असतं. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळपास उरत नाहीत, सामू डळमळत राहतो. दुकानदार निळं औषध देतो. मिथिलीन ब्लू बुरशीवर आणि काही परजीवींवर चालतं, पण ते वेगळ्या भांड्यात. टाकीत ओतलं तर फिल्टरमधल्या जिवाणूंनाही ते सोडत नाही आणि काचांचे सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करून जातं. दाजींच्या टाकीचे सांधे निळे आहेत. पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं.

एवढं करून मासा मेला की घरोघरी एकच समारोपाचं वाक्य असतं: "गोल्डफिशचं आयुष्यच दोन-तीन महिन्यांचं असतं हो." इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश होता. १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला. तो १९९९ मध्ये वारला, त्रेचाळिसाव्या वर्षी. दोन-तीन महिने हे माशाचं आयुष्य नव्हे, आपल्या हौसेचं.

दुसरा आवडता समज असा की टाकी लहान असली तर मासा लहानच राहतो. तो लहान राहत नाही, खुरटतो. यावर आजींनी मला मनूची गोष्ट ऐकवली. हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि म्हणाला, मला सांभाळ. मनूने त्याला घागरीत ठेवलं. मावेना तेव्हा खड्ड्यात, तिथेही मावेना तेव्हा समुद्रात नेऊन सोडलं. शतपथ ब्राह्मणापासून सांगत आलेली ही कथा आपण मत्स्यावताराची म्हणून ऐकतो. आजींनी तिचा वेगळाच मथितार्थ काढला: "बघ, त्यानं मासा वाढला की भांडं बदललं. म्हणून प्रलयात तरला." एवढं बोलून त्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी तीन फुटी टाकीच्या किमती विचारून आले आहेत. ईशान्येला तीन फूट जागा नाही, हीच काय ती अडचण.

सध्या दाजींच्या टाकीत दोन गोल्डफिश आहेत. बाकीचे दुकानदाराने परत घेतले, निम्म्या भावात. पाणी आठवड्याला पाव बदललं जातं, स्पंज जुन्या पाण्यात दाबला जातो, आणि ताईच्या नळीत अमोनिया गेले काही महिने लिंबू रंगाच्या पुढे गेलेला नाही. टाकीच्या तळाशी थोडा गाळ असतो, मागच्या काचेवर पुसट शेवाळ. आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "धुवायला झालीय."

तेव्हा नवी टाकी घेणाऱ्या तमाम बंधुभगिनींना विनंती एवढीच: आधी पाणी पाळा, मासे मागाहून येतील. टाकी मोठी घ्या, मासे थोडे घ्या, जिवाणूंना महिना-दीड महिना द्या. पाणी दुधाळ झालं तर बाटली शोधू नका, खाद्याचा डबा वरच्या फळीवर ठेवा. मासे स्वच्छ पाण्यातही वर येऊन तोंड उघडायला लागले तर मात्र वाट बघू नका. चाचणी करा आणि क्लोरीन घालवलेल्या पाण्याने पाव टाकी त्याच दिवशी बदला. आणि रविवारी सकाळी काहीतरी घासल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर पाणीकपात नाही ना हे बघून खाली जाऊन दुचाकी धुवा. तिच्यात काही पाळलेलं नसतं.